जाळी

शुक्रवारी, अजानीच्या अर्धा तास आधी
अबू शगारातली आमची पाच मजली इमारत
एकदम न्हायला बसते.
तेव्हा जाळीखाली कुणी घसा खाकरतं,
मग एक बुडबुडा, मग तीन,
आणि मग पाणी. खालून वर.
आम्ही दोन्ही घरांनी नळ सोडलेला नसताना.

साबणाचा वास परका. आमचा कडुनिंबाचा,
हा गुलाबाचा.
वरच्या मजल्यावरच्या कुणा बाईचा असावा,
तिला मी कधी पाहिलेलं नाही.
आता तिचं पाणी माझ्या घोट्याला लागतंय, कोमट,
आणि मी टमरेलाने ते बालदीत भरतेय,
बालदी कमोडात, कमोडातून पुढे
नारिंगी टँकरवाल्यांना ठाऊक.

ऑगस्ट. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी
नळाला चहासारखं उतरतं.
गार हवं तर गीझर बंद ठेवायचा
आणि गीझरचंच घ्यायचं.
हे सासूबाईंना फोनवर सांगितलं तर म्हणाल्या,
सगळंच उलटं बाई तुमच्याकडे.
सगळंच नाही.
पण नहाणी, हो.

अर्धा फ्लॅट आमचा, अर्धा परकारांचा,
बाथरूम एकच.
तुंबलं तशी दोन्ही घरं
एकमेकांच्या केसांकडे बघू लागली.
बोललं कुणी नाही.
मी वेणी खोलीतच विंचरते, हे मात्र मी
दिवसातून तीनदा बोलून दाखवलं.
मुबीना म्हणाली, माझ्या डोक्यावर
गळायला उरलेत कुठे?
मग दोघींनी मिळून सोडा ओतला, लिंबं पिळली,
हँगर उलगडून तार केली.
रबरी पंप इकडे दाबला
की बेसिन तिकडून उत्तर द्यायचं.

नातूर म्हणाला, बुकरा.
बुकरा म्हणजे उद्या,
हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.
कुठला उद्या, ते अजून नाही.

अकराव्या उद्याला शफीकुल आला,
कुमिल्ल्याचा, मिशी नुकती फुटलेली.
आमच्या तोंडाकडे न बघता
त्याने जाळी काढली, गुडघे टेकले,
आणि फरशीला कान लावला.
इतकं लक्ष देऊन
या घरात कुणी कुणाचं ऐकलेलं नाही.

दहा हात स्प्रिंग आत गेली.
बाहेर आलं ते मांजराच्या पिलाएवढं,
काळे, मेंदीचे, पांढरे,
वाळूने आणि साबणाने असे वळलेले
की कुठला कुणाचा, देवालाही लावता येऊ नये.
मेंदीचे माझे. मी गप्प राहिले.
मुबीनाही गप्प.
आणि त्या गुंत्यात, तांदळाएवढा,
एक दात.

मुनीबचा. गेल्या महिन्यात पडलेला.
मीच त्याला सांगितलं होतं,
दात कौलावर टाकायचा,
उंदीरमामा तो नेतो, नवा आणून देतो.
इथे कौल कुठलं? पोराने विचार केला
आणि जाळीत टाकला.
उंदीर खालून येतात, हे त्याला माहीत होतं.

शफीकुल हसला. पहिल्यांदाच.
त्याला हात धुवायचे होते.
मोकळ्या झालेल्या जाळीतून
पहिलं पाणी गेलं ते त्याच्या हातांचं,
काळं, गर्रकन फिरत,
आणि आम्ही तिघं वाकून बघत राहिलो
जसं काही टीव्हीवर लागलंय.

दात आता काड्यापेटीत आहे, कापसात.
डिसेंबरच्या सुट्टीत दापोलीला न्यायचा,
घरावर फेकायचा, असं मुनीबने ठरवलंय.
रोज पेटी उघडून बघतो.
काल कपडे वाळत घालताना
मुबीना हळूच म्हणाली,
घरावर आता स्लॅब आहे. कौलं विकली आम्ही.
त्याला सांगू नकोस.